लाट पुसणाऱ्या बोटी आणि पाण्याने भरलेल्या पिशव्या

जवळजवळ तीस वर्षे अमेरिकेतले बोट बांधणारे कारागीर एका गोष्टीच्या मागे लागले होते: बोट वेगाने जावी, पण तिच्यामागे लाट उठू नये. ते साधले. आणि साधल्यावर थोड्याच वर्षांत काही तरुणांनी त्याच बोटी जुन्या बाजारातून स्वस्तात उचलल्या, त्यांत शेकडो किलो पाणी भरले आणि पुसलेली लाट पुन्हा उठवली.

वेकबोर्डिंग आणि वेकसर्फिंग या खेळांचा जन्म या उलटसुलट व्यवहारातून झाला. आज जो कोणी या खेळासाठी जुनी बोट शोधायला निघतो, तो नकळत या इतिहासाचे दप्तरच चाळत असतो. कारण बोट कोणत्या वर्षी बांधली, यावरून ती कोणत्या पाण्यासाठी बांधली होती ते कळते.

आधी शब्दाचा उलगडा. बोट पुढे जाते तेव्हा बाजूला सारलेले पाणी तिच्यामागे दोन्ही अंगांना पसरत जाते. त्या लाटेला ‘वेक’ म्हणतात. आर्किमिडीजचा नियम शाळेत सगळ्यांनीच घोकलेला असतो: तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. बोट जितकी जड तितके सारलेले पाणी अधिक, आणि लाटही मोठी. पुढची सगळी कथा या एका वाक्याभोवती फिरते.

तिची सुरुवात १९२२ साली झाली. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांच्या सीमेवर मिसिसिपी नदी रुंदावून लेक पेपिन नावाचे सरोवर बनते. तिथे राल्फ सॅम्युएलसन हा १८ वर्षांचा तरुण पाण्यावर उभे राहण्याचा हट्ट धरून बसला होता. पिंपाच्या फळ्या वापरून झाल्या, बर्फावरच्या स्की वापरून झाल्या. प्रत्येक वेळी तो बुडाला. शेवटी त्याने पाइनच्या लांब फळ्या आणल्या, त्यांची टोके गरम पाण्यात मऊ करून वर वळवली आणि भावाच्या बोटीमागे दोरी धरून तो पाण्यात उतरला. २ जुलैला, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मागे झुकून फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवायची युक्ती त्याला सापडली आणि तो उभा राहिला. पेटंट घेण्याचे मात्र त्याला सुचले नाही. पाण्यावरच्या स्कीचे पेटंट १९२५ साली फ्रेड वॉलर यांनी घेतले. पुढे ‘सिनेरामा’ हे भव्य पडद्याचे तंत्र शोधणारे वॉलर ते हेच.

खेळ वाढला, स्पर्धा आल्या, आणि लाट शत्रू ठरली. स्लॅलम प्रकारात स्कीपटूला बोटीच्या दोन्ही बाजूंना मांडलेल्या सहा तरंगत्या खुणांना वळसे घालायचे असतात. त्यासाठी तो बोटीमागची लाट पुन्हा पुन्हा आडवी कापतो. ताशी ५५-५८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या बोटीमागे पाण्याचा वीतभर उंचवटाही पायाखाली दगड आल्यासारखा लागतो.

म्हणून या खेळासाठी वेगळी बोट घडू लागली. १९६१ साली फ्लोरिडातल्या करेक्ट क्राफ्ट या कंपनीने ‘स्की नॉटिक’ बाजारात आणली. मायामीत स्की शिकवणाऱ्या लिओ बेंट्झ यांनी तिची घडण आखली होती. १९६८ साली टेनेसीत घोड्यांच्या एका तबेल्यात ‘मास्टरक्राफ्ट’चा आरंभ झाला. या बोटींचे सूत्र सारखेच होते: हलके वजन, सपाट तळ आणि इंजिन बरोबर मध्यभागी, म्हणजे पुढचा किंवा मागचा भाग पाण्यात रुतणार नाही. मागे उरलेले पाणी जितके सपाट, तितकी बोट उत्तम. एका अर्थाने ही अभियांत्रिकी स्वतःच्या खुणा पुसण्याची होती.

१९८५ च्या सुमारास वारे फिरले. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचे टोनी फिन यांनी ‘स्कर्फर’ नावाची फळी आणली: समुद्रावरची सर्फबोर्ड आणि स्की यांचे मिश्रण. ऑस्ट्रेलियात अशा फळ्यांचे प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते, त्यामुळे पहिलेपणाचा मान कोणाचा यावर वाद आहे, आणि तो बहुधा तसाच राहील. निर्णायक बदल पायांच्या पट्ट्यांनी घडवला. टोनी फिन आणि टेक्सासचे जिमी रेडमन या दोघांनी स्वतंत्रपणे फळीला पट्ट्या बसवल्या आणि फळी पायाला जखडली गेली. मग उडी मारता येऊ लागली. १९९० साली हर्ब ओब्रायन यांनी ‘हायपरलाइट’ ही साच्यात दाबून केलेली पातळ फळी आणली. ती पाण्यात सहज दाबली जाई, त्यामुळे खोल पाण्यात सुरुवात करणे नवख्यालाही जमू लागले. १९९६ साली हा खेळ एक्स गेम्समध्ये पोहोचला.

आता खेळाडूला उडी हवी होती, आणि उडी मारायला उतार लागतो. पाण्यावर उतार म्हणजे लाट. तळ्यांवर उभ्या असलेल्या उत्तम बोटी मात्र लाट मारण्यासाठी जन्मलेल्या!

इथे खेळाडूंनी केलेली गोष्ट हौशी जुगाडाची होती, आणि या इतिहासातले सर्वांत रंजक पान तेच आहे. बोट बदलणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी बोटीचे वजन बदलले. आधी मित्र भरले; सहा जण म्हणजे चारशे-सव्वाचारशे किलो. मित्र रोज मोकळे नसतात, म्हणून वाळूची पोती आली, पाण्याची पिंपे आली, शिशाचे तुकडे आले. शेवटी जाड प्लास्टिकच्या, उशीसारख्या पाणपिशव्या आल्या. ‘फॅट सॅक’ हे एका मालाचे नाव होते. खेळाडूंच्या तोंडी ते अशा सगळ्याच पिशव्यांचे नाव झाले. तळ्यावर पोहोचायचे, लहान विजेच्या पंपाने तळ्याचेच पाणी पिशवीत भरायचे, खेळ झाला की परत तळ्यात सोडायचे. रस्त्यावरून बोट ओढून नेताना हे ओझे सोबत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

हिशोब करून पाहा. गोड्या पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. बाजारातली मध्यम पिशवी सुमारे १८० लिटरची. अशा चार पिशव्या म्हणजे ७२० किलो. आणि त्या काळची स्की-बोट होती साधारण एक-सव्वा टनाची. म्हणजे बोटीच्या निम्म्याहून अधिक वजन वरून लादले जात होते, आणि ते तिच्या आखणीत कोणी धरलेले नव्हते.

तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या अशा वजनाला इंग्रजीत बॅलास्ट म्हणतात. मराठीत त्याला नीरम हा जुना शब्द आहे. शिडाच्या जहाजांत नीरम म्हणजे तळाशी रचलेले दगड. माल उतरवून हलके झालेले जहाज वाऱ्याच्या एका फटक्याने कलंडू नये म्हणून वजन जितके खाली तितके चांगले. पुढे १९व्या शतकात लोखंडी जहाजे आणि वाफेचे पंप आले, आणि दगडांची जागा हळूहळू पाण्याने घेतली. हजारो वर्षे नीरमाचे काम एकच होते: जहाज सरळ उभे ठेवणे.

वेकसर्फिंगने ते उलटे केले. या प्रकारात खेळाडू दोरी सोडून देतो आणि बोटीच्या अगदी मागे, दोन-तीन मीटर अंतरावर, नुसत्या लाटेच्या बळावर तरंगत राहतो. वेग ताशी १६-१८ किलोमीटर. (वेकबोर्डिंगचा याच्या दुप्पट.) अशी लाट हवी तर एक बाजू खोल रुतली पाहिजे. डावा पाय पुढे ठेवणारा बहुधा बोटीच्या डाव्या लाटेवर जातो, म्हणून वजन मागच्या डाव्या कोपऱ्यात. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी उजव्या कोपऱ्यात. थोडक्यात, बोट मुद्दाम कलती करायची आणि तशीच तासन्‌तास चालवायची.

मुद्दाम कलते केलेल्या जहाजाची एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवी.

२९ ऑगस्ट १७८२. इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदराजवळ स्पिटहेडला ब्रिटिश आरमाराचे ‘रॉयल जॉर्ज’ हे शंभर तोफांचे जहाज नांगरून उभे होते. पाण्याखालच्या एका नळाची दुरुस्ती करायची होती. गोदीत न नेता ते उभ्या जागी कलते करायचे ठरले. एका बाजूच्या तोफा पूर्ण बाहेर सरकवल्या, दुसऱ्या बाजूच्या आत मध्यावर ओढल्या. त्याच वेळी खाली झुकलेल्या बाजूने रमची पिंपे चढवली जात होती. तोफांच्या खिडक्यांचा काठ पाण्याला लागला, पाणी आत येऊ लागले, आणि काही क्षणांत जहाज तळाशी गेले. अॅडमिरल केम्पेनफेल्ट यांच्यासह आठशेहून अधिक माणसे मेली. त्यांत खलाशांना भेटायला आलेल्या बायका आणि मुलेही होती.

चौकशीच्या लष्करी न्यायालयाने अधिकाऱ्यांना निर्दोष ठरवले आणि बोट दाखवले ते कुजलेल्या लाकडाकडे. १७५६ साली पाण्यात उतरलेल्या जहाजाचा सांगाडा आतून पोखरला होता, त्याचाच एखादा भाग निखळला असावा, असा निष्कर्ष. तो कितपत खरा आणि अधिकाऱ्यांना वाचवण्यासाठी कितपत सोयीचा, यावर इतिहासकार आजही शंका घेतात. पण त्या सकाळी तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या हे नक्की: जुने लाकूड, मुद्दाम दिलेला कल आणि पाण्याच्या पातळीजवळ उघडी भोके.

जुन्या स्की-बोटीत पाणपिशव्या टाकताना नेमक्या याच तीन गोष्टी पुन्हा भेटतात.

लाकूड आधी. १९८० च्या दशकातल्या अनेक बोटी बाहेरून फायबरग्लासच्या दिसतात. आत मात्र नाळेपासून मागपर्यंत जाणाऱ्या लाकडी तुळया असतात, आणि इंजिन त्यांवरच बोल्टने बसवलेले असते. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपते, लाकूड वर्षानुवर्षे आतल्या आत कुजते, वरचा रंग मात्र चकचकीत. १९९० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी लाकूड सोडून पूर्ण फायबरग्लासची चौकट स्वीकारली. म्हणून त्या दशकाच्या आगेमागे बांधलेली बोट पाहताना वर्ष विचारून भागत नाही. जाणकार लाकडी हातोडीने तळ ठोकून पाहतो: टणक नाद आला तर ठीक, भद्द आवाज आला तर पुढे बोलणेच नको. इंजिनाचे बोल्ट पाना लावून पाहतो. ते नुसते फिरत राहिले तर त्यांना धरून ठेवायला खाली लाकूड उरलेले नाही. पायाखालची जमीन मऊ लागते का, तेही बघतो. सव्वा टनाच्या आखणीवर पाऊण टन नवा भार टाकायचा, तर तो शेवटी याच तुळयांवर येणार.

मग भोके. तळातले पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचे तोंड, टाकी भरल्यावर जादा पाणी सोडणारे छिद्र, हवेची छिद्रे, ही सगळी मूळ आखणीत पाण्याच्या रेषेच्या वर असतात. बोट एका बाजूला रुतवली की ती पाण्याखाली जातात, आणि जो मार्ग पाणी बाहेर काढण्यासाठी होता तोच आत आणू लागतो. रॉयल जॉर्जच्या तोफांच्या खिडक्या हे त्याचे मोठे रूप.

आणि कल. अर्धवट भरलेली पिशवी पूर्ण भरलेल्या पिशवीपेक्षा अधिक घातक असते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. अर्ध्या पिशवीतले पाणी बोट कलली की कललेल्या बाजूलाच धावते आणि कल वाढवते. गच्च भरलेल्या पिशवीत ते हलत नाही. शिवाय पिशवी तळात ठेवली तर तोल टिकतो, बाकावर ठेवली तर ढळतो. पुढच्या भागात फार वजन टाकणे हीसुद्धा जुन्या उघड्या नाळेच्या बोटींची ठरलेली चूक. पडलेल्या खेळाडूला घ्यायला बोट वळते, तिचीच लाट समोरून येते आणि खाली दबलेल्या नाळेवरून सरळ आत शिरते.

वाळू, शिसे की पाणी, हा वादही याच ठिकाणी मिटतो. शिसे जागा कमी व्यापते, म्हणून मोह होतो. पण बोटीत पाणी शिरले तर पाण्यात बुडालेल्या पाणपिशवीचे वजन बोटीला जाणवत नाही, कारण पाण्यात पाणी तोलले जाते. शिसे आणि वाळू बोटीला खाली ओढतच राहतात.

अमेरिकेत १९७१ च्या नौकासुरक्षा कायद्यानंतर २० फुटांहून कमी लांबीच्या मोटारबोटींवर एक पाटी सक्तीची झाली. किती माणसे आणि एकूण किती वजन, ते त्या पाटीवर लिहिलेले असते. स्की-बोटींच्या जमान्यातल्या पाटीने माणसे मोजली होती. तळ्याचे पाणी आत येऊन प्रवासी होईल, हे पाटी लिहिणाऱ्याच्या मनातही नव्हते. पाण्याचा प्रत्येक किलो त्याच हिशोबात धरावा लागतो. चार पिशव्या भरल्या की पाटीवरच्या आकड्यात मित्रांसाठी जागाच उरत नाही, आणि नेमके हेच कोणाला ऐकायचे नसते.

बोट बांधणाऱ्यांनी हा जुगाड पाहिला आणि तो आखणीत घेतला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोरी उंचावर बांधण्यासाठी बोटीवर धातूची कमान आली. तळात कायमच्या टाक्या आल्या. इंजिन मध्यातून उचलून मागे गेले आणि ‘व्ही-ड्राइव्ह’ने त्याची शक्ती उलट वळवून पंख्याला दिली, त्यामुळे मागचा भाग आपोआप जड झाला आणि मधली जागा मोकळी झाली. मालिबू कंपनीने ‘वेज’ नावाचे पाते आणले. ते पाण्याच्या दाबाने बोटीची मागची बाजू खाली खेचते, म्हणजे पाणी न भरताही वजनाचा परिणाम साधते. २०१२-१३ च्या सुमारास मागच्या कोपऱ्यांवर हलणारी दारे आली. एका बाजूचे दार पाण्याचा प्रवाह अडवते आणि बोट न कलवताही दुसऱ्या बाजूची लाट स्वच्छ होते. रॉयल जॉर्जचा धोका तिथे बराच ओसरला. त्याची किंमत वजनात मोजली गेली: आजच्या मोठ्या वेकबोटी कोरड्याच अडीच टनांहून जड असतात आणि वर टनभराहून अधिक पाणी घेतात. त्यांच्या किमती पाहिल्या की जुना बाजार अजून का चालतो ते वेगळे सांगावे लागत नाही.

जुन्या बाजारात आणखी एक काळाची रेघ पाहावी लागते, आणि ती जिवाशी गाठ घालणारी आहे. वेकसर्फिंग करणारा बोटीच्या मागे हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर असतो. म्हणून जिचा पंखा मागे उघडा आहे अशी बोट, मग ती कितीही स्वस्त असो, या खेळाला चालत नाही. पंखा तळाखाली, पुढच्या अंगाला असणारीच लागते. पण धूर प्रत्येक बोटीचा मागेच येतो. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेतल्या लेक पॉवेलवर एका हाउसबोटीच्या मागच्या फळीखाली जनरेटरचा धूर साचला होता. तिथे पोहणारे दोन लहान भाऊ कार्बन मोनॉक्साइडने मेले. उघड्या हवेत, उघड्या पाण्यावर या वायूने माणूस मरेल यावर तोवर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. तपास वाढला तशी असे मृत्यू इतरत्रही घडल्याची नोंद सापडत गेली.

त्याच सुमारास तरुणांत ‘टीक सर्फिंग’ची लाट होती: बोटीच्या मागच्या सागवानी फळीला धरून लोंबकळायचे आणि मग हात सोडून अंगानेच लाटेवर घसरायचे. (टीक म्हणजे आपला सागच.) तोंड बरोबर धुराच्या वाटेवर. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २००५ पासून हा प्रकार कायद्याने बंद केला. २०१० पासून नव्या इनबोर्ड पेट्रोल इंजिनांचे धुराचे केंद्रीय नियम कडक झाले आणि मोटारीसारखे उत्प्रेरक यंत्र त्यांत आले. त्याआधीच्या बहुतेक बोटींत ते नसते. १९९५ ची बोट घेणाऱ्याला हा फरक जाहिरातीत कुठेच छापलेला दिसणार नाही.

राहिला किनारा. लाट खेळाडूच्या पायाखालून निघून जाते, तिची ऊर्जा मात्र संपत नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ साली मोजमापे प्रसिद्ध केली. साध्या बोटीची लाट २०० फुटांवर जितकी उरते, तितकी खाली यायला वेकसर्फिंगच्या लाटेला ५०० फुटांहून अधिक अंतर लागते. ज्या राज्यात सॅम्युएलसन उभा राहिला, त्याच राज्यात शंभर वर्षांनी ही मोजणी झाली. व्हर्मांट राज्याने २०२४ पासून हा खेळ किनाऱ्यापासून किमान ५०० फूट आणि किमान २० फूट खोल पाण्यातच करण्याचा नियम लागू केला. लहान तळी त्यातून आपोआप वगळली गेली, आणि तिथल्या बोटमालकांना ते अर्थातच रुचले नाही.

त्याच नियमात एक छोटे कलम आहे: प्रत्येक वेकबोटीने वर्षभरासाठी एक ‘घरचे तळे’ ठरवायचे आणि दुसरीकडे जाऊन परतायचे असेल तर टाक्या निर्जंतुक करून घ्यायच्या. त्यामागे नीरमाचाच जुना इतिहास आहे. १९८८ साली अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपले सापडले. युरोपातून आलेल्या मालवाहू जहाजांनी तोल सांभाळण्यासाठी तिकडचे पाणी टाक्यांत भरले होते. इकडे माल चढवताना ते सोडले, आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारी पिले उतरली. पुढे या शिंपल्यांनी पाण्याचे नळ बुजवले, तळ्यांतली अन्नसाखळी बदलून टाकली.

वेकबोटीची टाकी त्या जहाजाच्या टाकीचेच बारके भावंड. पंप कितीही चालवला तरी तळाशी काही लिटर पाणी उरतेच, आणि ओल्या टाकीत पिले दिवसचे दिवस जगू शकतात. म्हणून जुनी बोट पाहायला गेलेला जाणकार तळ ठोकून झाला, बोल्ट तपासून झाले, इंजिनाचे तास वाचून झाले, की विकणाऱ्याला एक शेवटची चौकशी करतो: टाकीत शेवटचे भरलेले पाणी कोणत्या तळ्याचे?